कडाक्याच्या थंडीत उघड्यावर निजणारे : उपदेशक व मंडळ्यांसाठी पाठ

मार्गशीर्ष सरून पौष लागला म्हणजे आपण दारे लवकर लावतो, चुलीपाशी सरकतो, आणि गोधड्यांची घडी मोडतो. ज्यास दारच नाही त्याचे काय होते, हा ह्या पाठाचा विषय आहे. हा विषय शहरचा, आपल्या खेड्याचा नव्हे, असे कोणास वाटेल, म्हणून आरंभीच त्याचा खुलासा करणे बरे.

२०११ सालच्या खानेसुमारीत २८ फेब्रुवारीच्या रात्री गणकांनी हिंडून, ज्यांस घर नाही अशांची मोजदाद केली. रस्त्याकडेला, पुलाखाली, जिन्याखाली, मोठ्या नळांत, देवळांच्या मंडपांत आणि स्टेशनांच्या फलाटांवर जे निजतात ते हे लोक. सर्व देशात त्यांची संख्या सुमारे १७ लाख ७२ हजार भरली, आणि एकट्या महाराष्ट्रात ती दोन लाखांवर होती. ह्यांपैकी शहरांत सुमारे ९ लाख ३८ हजार व खेड्यापाड्यांत सुमारे ८ लाख ३४ हजार माणसे आढळली. म्हणजे जवळजवळ निम्मे लोक आपल्याच शिवारात होते. एका रात्रीच्या मोजणीत कित्येक सुटतात, हे ज्याने गावची साधी यादी केली आहे त्यास सांगावयास नको.

आपल्या भागात हे लोक कोण, ते पाहा. ऊसतोडीचे कोयते ऑक्टोबर-नोव्हेंबरात घर सोडतात ते मार्च-एप्रिलात परततात. म्हणजे त्यांचा सारा हिवाळा कारखान्याच्या तळावर किंवा फडाच्या बांधावर, बांबू व पाचटाच्या कोपीत, किंवा कोपी उभी राहीपर्यंत गाडीखाली जातो. त्यांस गावी घर असते हे खरे. परंतु पौषातल्या पहाटे ते त्यांच्या काय कामाचे? मेंढरांमागे हिंडणारे धनगर, वीटभट्टीवरची कुटुंबे, पोट भरण्यासाठी पालं टाकणारे लोक, एस. टी. स्टँडच्या बाकावर निजणारा म्हातारा, घरातून हाकलून दिलेली बाई, आणि ज्याचे भान हरपले आहे म्हणून ज्याची कोणी चौकशी करीत नाही असा एखादा इसम, हे सर्व ह्यात येतात. ह्या शेवटल्या तिघांस थंडी सर्वांत आधी गाठते, कारण त्यांच्या शेजारी निजणारे कोणी नसते.

आता थंडी म्हणजे किती थंडी? वेधशाळेचा नियम असा की, सपाट प्रदेशात रात्रीचे तापमान १० अंशांवर किंवा खाली गेले, आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वा अधिक उतरले, म्हणजे थंडीची लाट समजावी. नेहमीचे कितीही असो, ४ अंश झाले की ती लाटच, आणि २ अंश झाले की तीव्र लाट. आपल्याकडे निफाडच्या द्राक्षबागाईत रात्र कधी कधी ५ अंशांच्याही खाली जाते, आणि महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी दव गोठते. दिल्लीस १६ जानेवारी १९३५ रोजी पारा शून्याखाली ०.६ अंश उतरला होता. पण ह्या आकड्यांनी कोणी फसू नये. माणूस मरण्यास बर्फ लागत नाही. अंग ओले असेल, वारा असेल, पोट रिकामे असेल, तर १० अंशांवरच्या रात्रीही देहाची ऊब संपून जाते.

देहाची स्वाभाविक ऊब सुमारे ३७ अंश. ती ३५ च्या खाली गेली म्हणजे डॉक्टर त्यास हायपोथर्मिया म्हणतात. केवळ दोन अंशांचे हे अंतर! देह अन्न जाळून ऊब करतो. ती जितकी होते त्याहून अधिक बाहेर जाऊ लागली की पुंजी सरते. ती बाहेर कोणत्या वाटेने जाते हे नीट समजले म्हणजे काय करावे हे निराळे शिकवावे लागत नाही. पहिली वाट जमीन. थंड फरशी निजलेल्याची ऊब रात्रभर ओढून घेते. म्हणून अंगावर दोन कांबळी व खाली काहीच नाही, ह्यापेक्षा एक अंगावर व एक खाली हे बरे. आणि खाली भाताचा पेंढा, कोरडे पाचट, पुठ्ठे, गोणपाट ह्यांचा वीतभर थर असेल तर कांबळे खाली घालण्याचे कारण नाही. दुसरी वाट वारा. त्यास आडोसा हवा, मग तो गोणपाटाचा का असेना. तिसरी वाट ओल. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने ऊब नेते, तेव्हा भिजलेले धोतर किंवा दवाने ओलावलेली सुती चादर पांघरूण नव्हे, चोर होय. चौथी वाट उघडे आकाश. ढगाळ रात्र उबदार व निरभ्र रात्र गार, हे शेतकऱ्यास ठाऊक आहेच. त्याच कारणाने झाडाखाली किंवा पत्र्याच्या पडवीत निजणारा मैदानात निजणाऱ्यापेक्षा सुरक्षित असतो.

आपल्या आयाबायांनी हे सर्व शास्त्र न शिकता गोधडीत शिवून ठेविले आहे. जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालून दाट टाके घातले की थरांमध्ये हवा अडकून राहते, आणि ती अडकलेली हवाच माणसास उबदार ठेवते. म्हणून एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातलेले अधिक कामाचे. घोंगडीचा गुण निराळा. लोकर थोडी ओलावली तरी ऊब सोडीत नाही. सुताचे तसे नाही. उघड्यावरच्या माणसास द्यावयाचे तर, पैसा थोडा असल्यास, दहा तलम सुती चादरींपेक्षा चार घोंगड्या द्याव्या असे माझे स्पष्ट मत आहे. चादरींचे वाटप मोठे दिसते खरे, पण उपयोग कशाचा होईल ते पाहावे. घोंगडीबरोबर कोरडे पायमोजे व कानटोपी दिली तर फारच उत्तम. मोजे नसतील तर पाय पेंढा भरलेल्या पोत्यात घालून निजावे. डोके झाकावे, नाकतोंड मोकळे ठेवावे.

आता लक्षणांकडे वळू, कारण येथेच पुष्कळ लोक दगा खातात. आरंभी माणूस काकडतो, दात वाजतात, बोटे आखडतात. हे वाईट दिसते, पण ही देहाची झुंज आहे. तोवर आशा पुष्कळ. पुढे बोबडी वळते, पाय अडखळतात, गुंडी लावता येत नाही, माणूस चिडचिडा किंवा उदासीन होतो, विचारलेल्याचे उत्तर भलतेच देतो. गावकरी म्हणतात, "प्यालेला दिसतो," आणि पुढे जातात. कदाचित तो प्यालेला असेलही. पण दारूचा वास येतो म्हणून थंडी लागली नाही असे होत नाही, उलट दोन्ही मिळून लवकर मारतात. ह्याच्याही पुढची अवस्था अशी की, काकडणे थांबते. शेजारी समजतात, बरे झाले, निजला. वास्तविक देहाची ऊब ३२ अंशांच्या आसपास किंवा खाली गेली असता काकडण्याची शक्तीच उरत नाही. कित्येक तर ह्या वेळी अंगावरचे कपडे काढून टाकतात, कारण भ्रमाने त्यांस उकडते. थंडीच्या रात्री कोणी उघडा पडलेला आढळला तर त्यास वेडा म्हणून सोडू नये. तो मरणाच्या दारी असू शकतो. परीक्षा सोपी आहे. आपला हात कपड्यांखालून त्याच्या पोटास किंवा पाठीस लावावा. हातपाय सर्वांचेच गार असतात. पोट गार लागले तर काळ थोडा आहे असे समजावे.

तेव्हा काय करावे? प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेस, किंवा ११२ वर, कळवावे, आणि ती येईतोवर स्वस्थ बसू नये. माणसास आडोशास न्यावे, पण चालवीत नव्हे, तर आडवा, व अलगद. अति थंड झालेले हृदय इतके नाजूक असते की धसमुसळेपणाने उचलले असता त्याची लय बिघडून ते बंद पडू शकते. ओले कपडे काढावे, कापावे लागले तर कापावे. खाली पेंढा, वर कोरडे पांघरूण, डोक्यास टोपी. ऊब द्यावयाची ती छाती, मान, काखा व जांघा येथे; गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी, उघडी नव्हे, कारण बधिर कातडीस भाजल्याचे कळत नाही. काही नसेल तर एका निरोगी माणसाने त्याच पांघरुणात त्यास बिलगून निजावे. शुद्ध असेल, नीट गिळता येत असेल, तर गोड गरम चहा, दूध, पेज द्यावी; शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालू नये.

हातपाय चोळू नयेत. हे वाक्य वर्गात दोनदा वाचावे, कारण ह्याविरुद्ध समजूत आपल्याकडे घरोघर आहे. चोळल्याने कातडीस इजा होते, आणि हातापायांतले थंड रक्त एकाएकी हृदयाकडे येते. ही चूक केवळ अडाण्यांचीच नव्हे. नेपोलियनचा प्रसिद्ध शस्त्रवैद्य लारे ह्याने १८१२ च्या रशियातल्या हिवाळ्यानंतर गोठलेल्या अवयवांस बर्फ चोळण्याचा उपाय लिहून ठेविला, आणि शंभर वर्षांवर युरोपातील शहाणे तो करीत राहिले. दारूचेही तसेच. दोन घोट घेतले की अंगात ऊब आल्यासारखे वाटते ते अशाने की, दारूने कातडीच्या शिरा फुगतात व आतले उष्ण रक्त बाहेर येते. कातडी ऊन होते आणि गाभा थंड होत जातो.

आणि आशा सोडण्याची घाई करू नये. अति थंड देहाची नाडी व श्वास इतके मंद होतात की सापडत नाहीत. नाडी पूर्ण एक मिनिट शोधावी. श्वास नसेल व ज्यास छातीवर दाब देण्याची रीत शिकविली आहे असा कोणी असेल, तर त्याने ती सुरू करावी व मदत येईपर्यंत सोडू नये. १९९९ साली नॉर्वेत एक तरुण स्त्री डॉक्टर ओढ्याच्या बर्फाखाली ८० मिनिटे अडकली; तिच्या देहाची ऊब १३.७ अंशांपर्यंत उतरली, हृदय थांबले, तरी इस्पितळात हळूहळू ऊब दिल्यावर ती जगली व पुन्हा कामावर गेली. असे क्वचितच घडते. तथापि, मेला असे आपण म्हणावयाचे नाही. ते डॉक्टरास म्हणू द्यावे.

तान्ह्या मुलाविषयी स्वतंत्र लिहिले पाहिजे. नवजात मूल काकडत नाही, म्हणून त्याची थंडी दिसत नाही. पाय व पोट गार, रडणे क्षीण, स्तन ओढीत नाही, ही त्याची लक्षणे. उपाय आईपाशीच आहे. मुलास उघडे करून तिच्या उघड्या छातीशी, चामडीस चामडी लावून, वरून दोघांस एकच पांघरूण घालावे, डोक्यास टोपी. कोलंबिया देशातील बोगोटा शहरी १९७८ पासून डॉक्टरांनी ही रीत कमी वजनाच्या मुलांसाठी चालविली, आणि आता ती जगभर मान्य आहे. कोपीतल्या बाळंतिणीस हे आपल्या मंडळीतल्या बायकांनी जाऊन शिकवावे. पुरुष उपदेशकाने तेथे व्याख्यान देऊ नये.

शेकोटीविषयी सावधगिरी हवी. उघड्यावरची शेकोटी चांगली. तिच्याभोवती निजणाऱ्यांत एकाने जागे राहावे, कारण पाचटाची कोपी पेटण्यास ठिणगी पुरते. परंतु निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत, गाडीत किंवा ताडपत्रीने गच्च झाकलेल्या पालात नेऊ नये. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास ना रंग ना वास. तो रक्तास प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक बळाने चिकटतो. डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. आणि निजलेल्यास तर तेही कळत नाही. उत्तरेकडे दर हिवाळ्यात अशा रीतीने कुटुंबेच्या कुटुंबे सकाळी मृत सापडतात.

आता जाण्याची वेळ व रीत. बहुतेक वाटप रात्री आठ-नऊ वाजता होते, कारण ती वेळ देणाऱ्यास सोयीची. रात्रीची खरी थंडी पहाटे, सूर्योदयाच्या किंचित आधी असते. मंडळीतले दोघे-तिघे पाळीपाळीने पहाटे तीन ते पाच फिरले, तर एक कंदील व एक चहाची किटली पन्नास चादरींहून अधिक काम करील. निजलेल्यास एकदम हात लावू नये. त्यास लाथांची सवय असते. थोड्या अंतरावरून "बाबा", "मावशी" अशी हाक द्यावी, आपले नाव सांगावे, खाली बसून बोलावे. बाईकडे बाईनेच जावे. छायाचित्र काढू नये.

आसरा देऊ केला असता कित्येक नाकारतात, त्यावर रागावू नये. हातगाडीवाला गाडी सोडून आला तर सकाळी गाडी नसते, आणि गाडी नाही तर पोट नाही. नवरा एका ठिकाणी, बायको-मुले दुसऱ्या ठिकाणी, असा आसरा कुटुंबास नको असतो. कोणास चोरीची भीती, कोणास आपले कुत्रे सोडवत नाही, कोणास पूर्वी अशाच जागी मार बसलेला असतो. अडचण विचारून घेतली तर निम्म्या अडचणींस उपाय निघतो. निदान खाली पेंढा तरी घालता येतो. जो भ्रमात आहे, ज्याचे पोट गार लागते, त्याची नकारघंटा मात्र ऐकू नये. ती त्याची स्वतःची नव्हे.

येथवर एकेका माणसाची गोष्ट झाली. पॅरिस शहरी १९५४ च्या हिवाळ्यात जे घडले ते ह्यापुढचे आहे. महायुद्धानंतर फ्रान्सात घरांचा दुष्काळ होता. आबे प्येर नावाचे एक रोमन धर्मगुरू १९४९ पासून बेघरांसह झोपड्या बांधीत होते. जानेवारीच्या आरंभी त्यांच्या वस्तीत एका जुन्या मोटारबसमध्ये राहणाऱ्या कुटुंबाचे तान्हे मूल थंडीने गेले. त्याच सुमारास तातडीच्या घरांसाठी पैसा देण्याची सूचना कायदेमंडळात नाकारली गेली होती. त्यांनी वर्तमानपत्रातून मंत्र्यास मुलाच्या अंत्यविधीस बोलाविले, आणि मंत्री आला. पुढे १ फेब्रुवारी रोजी त्यांनी रेडिओवरून हाक दिली. आदल्या रात्री तीन वाजता एक स्त्री रस्त्यावर गोठून मेली होती. घरातून काढून लावल्याचा दोन दिवसांपूर्वीचा कागद तिने उराशी धरलेला होता. त्यांनी लोकांस केवळ दया करा असे म्हटले नाही. पाच हजार कांबळी, तीनशे मोठे तंबू, दोनशे शेगड्या, अमुक हॉटेलात, आज रात्री किंवा उद्यापर्यंत, असा हिशेब सांगितला. लोकांनी इतके आणून टाकले की ठेवण्यास जागा पुरेना. काही दिवसांत कायदेमंडळाने, पूर्वी नाकारले होते त्याच्या दसपट, एकमताने मंजूर केले. आणि १९५६ साली कायदा झाला की हिवाळ्यात भाडेकऱ्यास घराबाहेर काढू नये. आज ही मुदत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च अशी आहे.

ह्या कायद्याचे मूळ आपणांस ओळखीचे वाटेल. निर्गमाच्या २२ व्या अध्यायात गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करण्याची आज्ञा आहे. सावकाराचा हक्क ती नाकारीत नाही. ती एवढेच पाहते की रात्र होणार आहे, आणि ऋणकोस दुसरे पांघरूण नाही.

आपल्या देशातही असे झाले. डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीत बेघरांचा एक तात्पुरता निवारा ऐन थंडीत पाडण्यात आला. गवगवा झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले, आणि जानेवारी २०१० मध्ये न्यायालयाने निवाऱ्यांची सोय ताबडतोब करण्यास सांगितले. पुढे हाच विचार इतर मोठ्या शहरांस लागू झाला. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दर लाख वस्तीमागे किमान शंभर माणसांच्या कायम निवाऱ्याची सोय असावी, व प्रत्येकामागे निदान ५० चौरस फूट जागा असावी, असे ठरले. नियम चांगला, अंमल सर्वत्र झाला असे नाही. आणि नावच सांगते त्याप्रमाणे तो नगरांसाठी होता. बांधावरच्या कोपीस तो लागू नव्हता.

म्हणून खेड्यात निवारा कोणता, हा प्रश्न गावच्या लोकांवर येतो. पुष्कळ गावी शाळा, चावडी, समाजमंदिर आणि आपले प्रार्थनामंदिर, ह्या चारही इमारती रात्री कुलूपबंद असतात. मंदिर उघडावे असे म्हटले की आक्षेप येतात: सतरंज्या मळतील, पेटीवाजा जाईल, कोण कुठला येईल. पेटीवाजा पाळकाच्या घरी ठेवता येतो. सतरंज्या गुंडाळून पेंढा पसरता येतो. कोण कुठला येईल ह्यासाठी दोघांनी पाळीने तेथे निजावे, आणि ग्रामपंचायतीस व पोलीस पाटलास आधी कळवावे. खिडकी थोडी उघडी असावी, पाणी व शौचाची जागा दाखवावी, बायकांमुलांस निराळा पडदा असावा. थंडीची लाट येण्याची सूचना वेधशाळा आधी देते. तितक्या चार-सहा रात्रींपुरते तरी हे करणे कोणत्याही मंडळीच्या आवाक्यात आहे. बारा महिन्यांचे ओझे घेऊन तिसऱ्या दिवशी टाकून देण्यापेक्षा हे बरे.

वर्गात पुढील गोष्टी विचाराव्या. काकडणे थांबले म्हणजे काय समजावे? चोळू नये ते का? शेगडी कोठे ठेवावी व कोठे ठेवू नये? आपल्या शिवारात ह्या आठवड्यात किती कोप्या व पाले पडली आहेत, त्यांत तान्ही मुले किती, आणि आपल्यापैकी कोण तेथे जाऊन आला? मंदिराची किल्ली रात्री कोणाजवळ असते?